पार्श्वभूमी : जपानचे उभयचर पथक भूदलाकडे कसे गेले

नागासाकी प्रांतातल्या सासेबो शहरात आइनोउरा नावाची छावणी आहे. तिथे मार्च २०१८ मध्ये जे पथक उभे राहिले, त्याला बातम्यांत सर्रास ‘जपानी मरीन’ म्हणतात. मरीन म्हणजे जहाजातून येऊन किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक. जपानीत त्याचे नाव ‘सुइरिकु किदोदान’. सुइ म्हणजे पाणी, रिकु म्हणजे जमीन, किदो म्हणजे वेगवान हालचाल आणि दान म्हणजे पथक. या नावात सैनिक कुठेच नाही, आणि तो चुकून गळलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने सेना ठेवली ती ‘स्वसंरक्षण दल’ या नावाने. मग आतले शब्दही बदलावे लागले. पायदळाला ‘फुत्सुका’ म्हणजे सामान्य शाखा, तोफखान्याला ‘तोक्का’ म्हणजे विशेष शाखा. सुरुवातीच्या काळात तर रणगाड्यालाही ‘विशेष वाहन’ म्हणत. ‘मरीन’साठी जपानीत ‘काइहेइताइ’ हा सरळ शब्द आहे, पण त्यात ‘हेइ’ म्हणजे सैनिक येतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकन मरीन उभे राहतात. जुना देशी शब्द ‘रिकुसेन्ताइ’. तो शाही नौदलाच्या भूतुकड्यांचा, म्हणजे शांघाय आणि पॅसिफिकमधल्या तारावा बेटावरच्या लढायांच्या आठवणींचा. दोन्ही शब्द अडचणीचे, म्हणून तिसरा घडवला.

दुसरा गुंता ‘दाक्काइ’ या शब्दाचा, म्हणजे ‘परत घेणे’. शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणे ही चढाई. ती जपानी घटनेच्या, युद्धाचा त्याग करणाऱ्या नवव्या कलमात बसत नाही. पण आपलेच बेट कुणी बळकावले आणि तिथे आपण उतरलो तर ते संरक्षण, अशी मांडणी झाली. होड्या त्याच, गाड्या त्याच, कवायतही तीच. फरक फक्त किनारा कुणाचा याचा. टीकाकार म्हणतात की किनाऱ्याचे नाव यंत्राला वाचता येत नाही. ते खरे आहे. पण या शब्दाशिवाय पैसा मंजूर झाला नसता, हेही तितकेच खरे.

या शब्दांच्या वादात खरा निर्णय झाकला गेला: हे पथक भूदलाचे असावे की नौदलाचे?

आइनोउरात भूदलाने २००२ साली साडेसहाशेच्या आसपास माणसांची एक रेजिमेंट उभारली होती, नैऋत्येच्या बेटांसाठी. तिचे नाव शब्दशः ‘पश्चिम विभागीय सामान्य शाखा रेजिमेंट’. २००६ पासून तिचे जवान कॅलिफोर्नियात अमेरिकन मरीनांकडे शिकायला जाऊ लागले. शिक्षणाची सुरुवात रबरी होड्यांपासून होती: रात्री किनाऱ्यापासून दूर होडी थांबवायची, पोहणारे पुढे सोडायचे, त्यांनी पुळणीचा उतार, फुटणाऱ्या लाटा आणि अडथळे पाहून इशारा दिला की मग बाकीच्या होड्या आत आणायच्या. २०१२ मध्ये सरकारने सेनकाकू बेटांपैकी (ताबा जपानचा, दावा चीनचाही) तीन बेटे खासगी मालकाकडून विकत घेतली, चीनची गस्ती जहाजे तिथे वारंवार येऊ लागली आणि २०१३ च्या अखेरीस पूर्ण पथक उभारायचे ठरले. तेव्हा शिकलेली माणसे भूदलाकडेच होती, म्हणून पथक भूदलाकडे गेले. जहाजे नौदलाकडेच राहिली.

भूदलाने समुद्रावर जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. मागच्या दरवाजातून सैनिकांनी भरलेल्या होड्या थेट पाण्यात सोडणारे ‘शिन्शु मारू’ हे जहाज जपानच्या शाही भूदलाने १९३४ सालीच बांधून घेतले. नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली पडून उतार होणारी ‘दाइहात्सु’ होडीही भूदलाचीच. १९३७ मध्ये शांघायला एका तरुण अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने तिचे फोटो काढून वरिष्ठांकडे पाठवले होते.

जहाजांचा हिशेब साधा आहे. पथकाला नेणारी नौदलाची ओसुमी वर्गाची तीन जहाजे, १९९८ ते २००३ दरम्यान दाखल झालेली. प्रत्येकात सुमारे ३३० सैनिक आणि दोन हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर चालणाऱ्या होड्या. म्हणजे तिन्ही एकाच वेळी सज्ज असली तरी हजाराच्या आसपास माणसे, आणि एखादे जहाज गोदीत असणे हे नेहमीचेच. पथक मात्र २०२४ ची तिसरी रेजिमेंट धरून सुमारे ३,००० चे. या जहाजांचे नावही फसवे आहे. वर्ग ‘रणगाडे उतरवणारे जहाज’ असा लिहिला जातो, पण तशी जहाजे नाळ पुळणीवर चढवतात आणि ओसुमीला ते जमत नाही. आपल्या नौदलाच्या ‘जलाश्व’सारखी तिच्या पोटात गोदी आहे: बॅलास्ट टाक्यांत पाणी घेऊन जहाजाचा मागचा भाग खाली दाबायचा, गोदीत समुद्र शिरू द्यायचा, दरवाजा उघडायचा. ही गोदी हॉवरक्राफ्टसाठी आखलेली होती. ५२ चिलखती उभयचर गाड्या घ्यायचे ठरले, तेव्हा जहाजांत फेरबदल करावे लागले.

ती गाडी म्हणजे एएव्ही-७. मूळ गाडी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. चालक मंडळी तीन, मागे वीस-एक सैनिक. पाण्यात वेग ताशी १३ किलोमीटर. जहाज दहा किलोमीटरवर थांबले तर खिडकी नसलेल्या डब्यात पाऊण तास हेलकावे खायचे आणि ओकाऱ्या काढत किनाऱ्यावर लढायला उतरायचे.

पण नैऋत्येच्या बेटांवर त्याहून मोठी अडचण प्रवाळाची आहे. पुळणीच्या पुढे प्रवाळाचे सपाट खडक, आणि त्यांची बाहेरची कड अनेक ठिकाणी उभी. गाडीचे पट्टे कडेला लागतात तेव्हा तोंड वर उचलले जाते, पण अर्धे वजन अजून पाण्याने पेललेले असते. त्यामुळे पट्ट्यांना पकड मिळत नाही आणि ते घसरतात. लाटाही नेमक्या त्याच कडेवर फुटतात. गाडी आडवी झाली की कलंडते. भरती पूर्ण असेल तर खडकावरून तरंगत जाता येते. ओहोटीला तोच खडक उघडा पडतो आणि शेकडो मीटर उघड्यावर चालावे लागते. म्हणून उतरण्याची वेळ सेनापतीपेक्षा भरतीचे कोष्टक ठरवते. १९४३ मध्ये तारावाला अमेरिकनांनी हे भोगले. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस, पाणी चढलेच नाही, होड्या प्रवाळावर अडकल्या. पट्ट्यांच्या गाड्या तेवढ्या पार झाल्या. पट्ट्यांच्या गाडीचा आग्रह तिथपासूनचा आहे.

जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्नियाजवळ अशीच एक अमेरिकन गाडी बुडून नऊ जण गेले. आत पाणी गळत होते, गिअरबॉक्सचे तेल गेल्यामुळे गाडी अडली, पंप पाणी उपसायला पुरे पडले नाहीत. नियम असा की पाणी बुटाच्या घोट्याशी आले की माणसे बाहेर काढायची. तो आदेश उशिरा निघाला आणि झाकण उघडल्यावर लाट आत शिरली. पुढच्या वर्षी अमेरिकनांनी या गाड्यांचा पाण्यातला नेहमीचा वापर थांबवला. जपानची खरेदी तोवर झालेली होती.

हवाई बाजू ऑस्प्रे विमानांची, म्हणजे हेलिकॉप्टरसारखी सरळ वर उडणाऱ्या विमानांची, एकूण १७. त्यांचा तळ आइनोउराजवळच्या सागा विमानतळाशेजारी व्हायचा होता, पण हा विमानतळ स्वसंरक्षण दलाला वापरू दिला जाणार नाही, असे १९९० मध्ये स्थानिक मच्छीमारांना लेखी दिलेले होते. आरिआके समुद्रातली नोरीची, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची शेती हे त्यांचे पोट. म्हणून विमाने २०२० पासून टोकियोजवळच्या किसाराझूला तात्पुरती ठेवली. सागाचा तळ उघडला तो जुलै २०२५ मध्ये. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, नैऋत्येच्या योनागुनी बेटावरून उड्डाण करताना एक ऑस्प्रे डोलली आणि तिचा पंख जमिनीला घासला. १६ जण आत होते, इजा कुणालाच नाही. चौकशीत निघाले ते एवढेच: त्या वजनाला इंजिनाची जादा ताकद देणारे बटण दाबायचे राहून गेले होते.

जहाजांचा प्रश्न मार्च २०२५ मध्ये वेगळ्या वाटेने हाताळला गेला. कुरे येथे तिन्ही दलांचा मिळून सागरी वाहतूक गट स्थापन झाला. त्यातली ‘निहोनबारे’सारखी लहान जहाजे धक्का नसलेल्या किनाऱ्यालाही लागू शकतात, आणि ती चालवणारे प्रामुख्याने भूदलाचेच लोक आहेत. पण ती रसद आणि गाड्या पोहोचवण्यासाठी आहेत. पहिल्या लाटेतली माणसे अजूनही ओसुमीच्या गोदीतूनच निघायची आहेत.