आलिशान सेडान की मालाची व्हॅन? बुकिंग करण्याआधी एवढं वाचा

आमच्या पेढीत गाड्या विकल्या जात नाहीत. कर्जाची फाइल, विमा आणि आरटीओची कामं, एवढाच आमचा धंदा. खरं सांगायचं तर तुम्ही महागडी गाडी घेतलीत तर विम्यावर आम्हाला दोन पैसे जास्तच सुटतात. तरीही पुढं जे लिहिलंय ते बरंचसं व्हॅनच्या बाजूनं गेलंय, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या कोल्हापुरात शिरोलीतले फौंड्रीवाले, मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, गांधीनगरचे कापडवाले, सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो. धंदा वाढलाय, हातात थोडा पैसा आहे, गाडी मात्र सध्या एकच घ्यायची आहे. मग कुणीतरी सांगतं, "सेडानच घ्या की, फर्मच्या नावावर घेतली की टॅक्समध्ये सगळं परत मिळतंय." या "सगळं परत मिळतंय"साठीच हे पत्रक काढलं आहे.

जीएसटी परत मिळतो का?

सेडानचा नाही. तेरापर्यंत आसनं असलेल्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरचा कर विक्रीच्या करातून वळता करण्याची सोय, कायद्यानंच अडवलेलं आहे. गाडी फर्मच्या नावावर असो, बिलावर जीएसटी नंबर असो, फरक पडत नाही. तिच्या विम्यावरचा आणि दुरुस्तीवरचा जीएसटीही तसाच बुडतो. सवलत आहे ती गाड्या विकणाऱ्यांना, भाड्यानं प्रवासी वाहतूक करणाऱ्यांना आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना.

मालवाहू गाडीला ही आडकाठी नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. समजा व्हॅनची करापूर्वीची किंमत 6 लाख आहे. तिच्यावर 1 लाख 8 हजार जीएसटी लागेल आणि तो तुमच्या विक्रीच्या जीएसटीतून वळता करता येईल. फक्त तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत असाल तर हे विसरा.

त्याच तारखेपासून मोठ्या गाड्यांवरचा सेस (जीएसटीच्या वरचा जादा कर) गेला आणि सरसकट 40 टक्के दर आला. 40 लाखांच्या सेडानवर 16 लाख जीएसटी, म्हणजे गाडी 56 लाखांना. ते 16 लाख गेले ते गेलेच.

घसाऱ्याचं गणित

इथं मात्र दोघींना एकच न्याय आहे. धंद्यात वापरलेल्या गाडीवर दरवर्षी 15 टक्के घसारा, म्हणजे गाडी जुनी होते त्यापोटीची वजावट, मिळतो. गाडी भाड्यानं चालवण्याचाच धंदा असेल तर 30 टक्के. 56 लाखांवर 15 टक्के म्हणजे 8 लाख 40 हजार. ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर पहिल्या वर्षी वाचणारा कर साधारण अडीच लाख. त्यातही गाडी घरच्या कामाला वापरली जाते असं दिसलं, तर अधिकारी त्या प्रमाणात खर्च कापू शकतो. मागच्या सीटवर पोराचं शाळेचं दप्तर कायम असतंच.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. त्या आर्थिक वर्षात गाडी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्माच. दसरा चौकात सोनं लुटून झालं की गाडी दारात आणायची आपली पद्धत. पण दसरा 3 ऑक्टोबरच्या पुढं आला, की 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नाहीत. दिवाळीला तर नाहीतच. मुहूर्त पाळू नका असं नाही. दिवाळी पाडव्याला शोरूममध्ये जाण्याआधी सीएला एक फोन तेवढा करा.

आरटीओचा टॅक्स

वैयक्तिक नावावरच्या 20 लाखांवरील पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 13 टक्के टॅक्स, डिझेलला 15. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली की 20 टक्के. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी इथं थांबून विचार करावा. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना जुलै 2025 पासून एकरकमी 7 टक्के आहे.

विमा: भांडणं इथंच होतात

खासगी कारची पॉलिसी काढून वापराच्या अटी वाचा. भाड्यानं चालवणं तिथं नाकारलेलं असतंच, शिवाय धंद्याचा माल वाहणंही नाकारलेलं असतं. नमुने आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. चपलांचे चार जोड दाखवायला पुण्याला नेले तर ते नमुने. मागची सीट पाडून चपलांची पोती भरली आणि तावडे हॉटेलपाशी कुणी मागून ठोकलं, तर सर्व्हेअर फोटो काढतो त्यात पोती येतात. मग आम्ही कितीही खेटे घातले तरी क्लेम अडकतो. म्हणून "थोडाफार माल सेडानच्या डिकीतूनच नेऊ" हा हिशेब आम्हाला पसंत नाही.

व्हॅनचंही उलट बाजूनं तसंच आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस केबिनमध्ये बसला तर त्याला संरक्षण आहे. चैत्र यात्रेला मागं पंधरा जण भरून जोतिबाला निघालात, तर त्या पंधरांना काहीही नाही.

नव्या खासगी कारचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो, मालवाहूचा दरवर्षी. कारची नोंदणी पंधरा वर्षं चालते. व्हॅनला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), त्यानंतर दरवर्षी. हा त्रास आहे, नाही म्हणत नाही. पण 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि 2024 च्या नोव्हेंबरमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर साध्या कारच्या लायसनवर 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. पोराकडे वेगळा बॅज हवा का, असं अजूनही रोज कुणीतरी विचारतं. नको.

माल, गल्ल्या आणि पाऊस

व्हॅनचा आकार डोळ्यांनी ठरवू नका, वजनानं ठरवा. छोट्या हत्तीच्या (टाटा एसच्या) वर्गातली गाडी साधारण पाऊण टन घेते. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, 30 किलोचा धरला तर पंचवीस रवे. बंद बॉडीची छोटी व्हॅन अर्ध्या टनाच्या आसपास, म्हणजे सोळा-सतरा. रोज चाळीस रवे जात असतील तर पिकअपच बघा, छोट्या गाडीवर दोन खेपांचं डिझेल जाळू नका. गगनबावड्याकडं पावसात माल जात असेल तर बंद बॉडीच घ्या. ताडपत्रीखाली गूळ पाघळतो आणि गिऱ्हाईक दर पाडतं. उलट कास्टिंग क्रेननं चढवायचं असेल तर बंद बॉडी गळ्यात पडते.

महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेस या दाटीच्या भागात दुकान असेल तर लांबलचक सेडान घरून दुकानापर्यंत न्यायची कशी आणि लावायची कुठं, हे बुकिंगआधी एकदा शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा.

पुराचं वेगळं सांगायला नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. सेडान बुटकी, तिच्यात पाणी लवकर शिरतं. घेतलीत तर इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नक्की घ्या, आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा मिळत नाही.

मग सेडान कुणी घ्यावी?

ज्यांचा माल ट्रान्सपोर्टनं जातो आणि मालक स्वतः पुणे-बेंगळुरूच्या फेऱ्या मारतो, त्यांनी. चार-पाच तासांनंतर पाठ शाबूत ठेवून मीटिंगला बसणं ही गंमत नाही, गरज आहे. हुपरीच्या चांदीवाल्यांनाही व्हॅनचा उपयोग नाही. आणि हौस म्हणून घ्यायची असेल तरी घ्या, कोल्हापुरात हौसेला मोल नसतं. फक्त स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशानं घ्या आणि टॅक्सचं कारण सांगू नका. वर्षातून चार वेळा परदेशी पाहुणे येतात म्हणून सेडान बघत असाल, तर त्या चार दिवसांसाठी ड्रायव्हरसकट भाड्यानं घ्या.

पांढऱ्या पाटीची पाच-सात आसनी व्हॅन घेऊन दोन्ही भागवू, असंही बरेच जण म्हणतात. घरच्यांसाठी ती ठीक आहे. पण कागदोपत्री ती प्रवासी गाडीच, त्यामुळं जीएसटी क्रेडिट नाही आणि माल भरला की विम्याचं तेच दुखणं. सीटं काढून नंतर "कार्गो करून घेऊ" म्हणाल तर आरटीओची आधी परवानगी लागते. घेतानाच काय ते ठरवा.

येताना मागच्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, आताच्या गाडीचं आरसी बुक आणि महिनाभराची डिलिव्हरीची वही आणा. आरसीवर जुन्या बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला वेळ लागतो, ते काम आधी सुरू करू. कोटेशन दोन शोरूमची आणा. एकाच शोरूमचं आणलंत तर दुसरं आणायला परत पाठवतो.