नव्या इंजिनाचं रनिंग-इन: जपून चालवायचं की लोड द्यायचा?

नवं बांधलेलं परफॉर्मन्स इंजिन हातात आलं की रनिंग-इनबद्दल, म्हणजे नवे भाग एकमेकांवर घासून बसेपर्यंतच्या सुरुवातीच्या चालवण्याबद्दल, दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, सुरुवातीचे दोन हजार किलोमीटर जपून चालवा. दुसरा, पहिल्या तासाभरातच लोड द्या, म्हणजे थ्रॉटल उघडून इंजिनावर जोर येऊ द्या, नाहीतर पिस्टनभोवतीच्या, सिलिंडरची भिंत सील करणाऱ्या रिंगा कधीच बसणार नाहीत. ऐकायला परस्परविरोधी असले तरी दोन्हींमागे खरी कारणं आहेत, फक्त ती इंजिनाच्या वेगवेगळ्या भागांची आणि वेगवेगळ्या काळातली आहेत.

जपून चालवण्याचा सल्ला मुख्यतः बेअरिंगमुळे, म्हणजे क्रँक (पिस्टनची हालचाल फिरवण्यात बदलणारा दांडा) ज्यात फिरतो त्या भागांमुळे आला. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीतून बॅबिट मेटल रूढ झालं. पुढे मोटारींच्या इंजिनांत हा कथलाचा मऊ मिश्रधातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतत आणि मग क्रँकला निळा रंग लावून, उंचवटे शोधून ते हाताने खरवडून काढत. कारागीर कितीही तरबेज असला तरी थोडे उंचवटे राहायचेच. तिथे ऑइलची फिल्म तुटली की घर्षणाने बॅबिट तापून पसरायचं. त्यामुळे राहिलेलं फिनिशिंग गाडीच्या मालकाने रस्त्यावर, कमी वेगात पूर्ण करायचं, अशी व्यवस्थाच होती. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन चालू आहे, पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावत.

१९३० च्या दशकापासून स्टीलची पाठ असलेले पातळ शेल बेअरिंग पसरू लागले, तरी शेव्हर्लेच्या सहा सिलिंडर इंजिनांत ओतीव बॅबिट १९५३ पर्यंत टिकलं. आज क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंगमधली फट, मोजूनच इंजिन जोडतात. जुना ठोकताळा जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) दर इंच व्यासाला एक हजारांश इंच, म्हणजे ५० मिमी जर्नलला साधारण ०.०५ मिमी. असं बेअरिंग ऑइलच्या फिल्मवर तरंगतं, त्यात झिजून बसण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. त्याला हवं असतं ते पहिल्या फेऱ्याआधी पोचलेलं ऑइल. म्हणून ड्रिलने ऑइल पंप फिरवून, गेजवर प्रेशर दिसून वरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत) ऑइल येईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही.

रिंगांची गोष्ट उलटी आहे. जॉन रॅम्सबॉटमने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनांसाठी चीर असलेली धातूची रिंग आणली. तिचा स्वतःचा ताण मात्र मर्यादित असतो. ज्वलनाचा दाबाखालचा वायू रिंगच्या वरून तिच्या पाठीमागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो, तेव्हा खरं सील होतं. थ्रॉटल कमी तर दाब कमी, दाब कमी तर रिंग भिंतीवर नीट घासतच नाही. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासण्याच्या, जाळीदार रेघा नव्या असताना बारीक कानशीसारखं काम करतात, पण त्यांची टोकं लवकरच बोथट होतात. तोवर रिंग बसली नाही तर खाली निसटलेल्या वायूने ऑइल तापतं, भिंतीवर त्याचा चकचकीत थर चढतो आणि इंजिन ऑइल खात राहतं. मग पुन्हा उघडून होन करण्याला पर्याय राहत नाही. विमानांच्या पिस्टन इंजिनांत हे केव्हाच ओळखलं गेलं: विमानाची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी नव्या सिलिंडरांसाठी ६५ ते ७५ टक्के पॉवरवर उडवायला सांगते आणि बहुतेक इंजिनांत ५० तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल ऑइल ठेवायला सांगते.

रिंगा बदलल्या तशी घाईही बदलली. साध्या बीड रिंगा पटकन बसत. क्रोम टिकाऊ पण हट्टी, म्हणून तिच्यासाठी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) जरा खरखरीत, २२० ग्रिटच्या आसपास ठेवत; ग्रिटचा आकडा जितका मोठा तितकी घासणी बारीक. मॉलिब्डेनमच्या रिंगांना २८० ते ३२० ग्रिट पुरतं. प्लेटो होनिंगमध्ये टोकं मशीनशॉपमध्येच कापली जातात आणि ऑइल धरणाऱ्या दऱ्या तेवढ्या राहतात. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर वाकडा होतो, म्हणून हेडच्या जागी तसाच ताण देणारी जाड टॉर्क प्लेट लावून होन करतात. एकेकाळी रस्त्यावर होणारं काम असं मशीनवर सरकत गेलं. निकासिलचा (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा) मुलामा किंवा प्लाझ्मा फवारणीचा धातूचा थर असलेल्या बोअरमध्ये तर ते आणखी कमी उरतं.

सर्वांत मोठा धोका आजही फ्लॅट टॅपेट कॅमचा. कॅम हा व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, लोब म्हणजे त्याचा उंचवटा आणि टॅपेट म्हणजे त्यावर घासत चालणारा सपाट तळाचा भाग. लोब किंचित तिरका आणि टॅपेटचा तळ शतांश मिलिमीटरमध्ये फुगीर घासलेला असतो, त्यामुळे टॅपेट फिरत राहतो. फिरायचा थांबला की काही मिनिटांत लोब गोल होतो. या कॅमला ऑइल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं. शिवाय कमी आरपीएमला लोबच्या टोकावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा पूर्ण भार येतो, वेग वाढला की जडत्वामुळे तो हलका होतो. म्हणून सुरू होताच २००० ते २५०० आरपीएम, खालीवर करत, २० ते ३० मिनिटं. आयडलवर ठेवायचं नाही. टायमिंग आणि फ्युएल आधीच जुळवून ठेवावं, कारण स्टार्टरने बराच वेळ फिरवत राहिलं तर जोडताना लावलेलं असेंब्ली ल्यूब (घट्ट वंगण) पुसलं जातं आणि जादा पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन काढतं. व्हॉल्व्हला डबल स्प्रिंग असेल तर भार कमी करायला आतली तेवढ्यापुरती काढून ठेवतात.

या कॅमचं संरक्षण करणारं झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं रसायन १९४० च्या दशकात बेअरिंगचं गंजणं आणि ऑइलचं ऑक्सिडेशन रोखायला आलं, झीज रोखण्याचा गुण नंतर महत्त्वाचा ठरला. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून धुरातलं प्रदूषण कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास झाले आणि फॉस्फरस त्यांना मारक. २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम या ऑइलच्या दर्जात पातळ ग्रेडसाठी त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. कारखान्यांना फरक पडला नाही, कारण फोर्डच्या ५.० व्ही-८ ने १९८५ मध्ये आणि जीएमच्या स्मॉल ब्लॉकने १९८७ मध्ये घासण्याऐवजी चाकावर गडगडणारे रोलर टॅपेट घेतले होते. जुन्या पद्धतीचा कॅम घालणाऱ्यांसाठी मात्र खास ब्रेक-इन ऑइल गरजेचं झालं. रोलर कॅमला ही २० मिनिटं लागत नाहीत. तिथे गळती आणि तापमान तपासून थेट लोडकडे वळावं.

कंपन्यांच्या पुस्तिकांतली मर्यादा केवळ रिंगांसाठी नसते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांच्या २००० किलोमीटरच्या सर्व्हिसमध्ये इंजिनाबरोबर डिफरन्शियलचं (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइलही बदलतात, कारण गिअरचे दातही एकमेकांवर बसत असतात.

बांधलेल्या इंजिनाला ऑइल गरम झाल्यावर अर्ध्या ते पाऊण थ्रॉटलवर २५०० ते ४५०० आरपीएमपर्यंत खेचा आणि थ्रॉटल सोडून त्याच गिअरमध्ये खाली येऊ द्या. असं बऱ्याचदा करा, मध्ये थंड व्हायला वेळ द्या. पहिल्या रननंतर ऑइल काढा, फिल्टर कापून घडी उलगडा आणि लोहचुंबक फिरवा. थोडा बारीक राखाडी गाळ अपेक्षित आहे. चुंबकाला भरपूर चिकटलं तर आधी कॅम आणि टॅपेट बघा. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत कण बहुधा बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असतात, तेव्हा इंजिन पुन्हा सुरू न करता आधी सम्प (खालची ऑइलची टाकी) उतरवा.