खाडीपल्याडचा निरोप, अक्षरन् अक्षर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कित्येक गावांचा संपर्क तुटला. अशा वेळी हॅम रेडिओची, म्हणजे परवानाधारक हौशी मंडळींच्या बिनतारी संचांची, आठवण होते, ती बहुधा आवाजी बोलण्यासाठी. पण ‘मेटफॉर्मिन ५००, वीस पट्ट्या’ अशी औषधांची लांबलचक यादी खरखरत्या आवाजावरून उतरवून घेताना पाचशेचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच कोकणातल्या प्रत्येक हॅमने पॅकेट रेडिओ, म्हणजे संगणकावरचा लेखी मजकूर रेडिओने पाठवण्याचं तंत्र, शिकून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

यात मजकूर लहान तुकड्यांत जातो. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, असतं, शेवटी १६ बिटांची पडताळणी संख्या. घेणारा संगणक आलेल्या बिटांवरून तीच संख्या स्वतः काढून बघतो आणि जुळली नाही तर तो तुकडा टाकून देतो. म्हणजे अर्धामुर्धा, बिघडलेला मजकूर सहसा पडद्यावर येतच नाही. दोन स्टेशनं रीतसर जोडलेली असतील तर पोच परत येते. पोच आली नाही की तुकडा पुन्हा जातो.

हवेत ऐकू येते ती नुसती खर्रकन् उमटलेली करकर. तिच्यात दोनच स्वर असतात, १२०० आणि २२०० हर्ट्झचे. स्वर बदलला तर शून्य, तोच राहिला तर एक. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे फार तर १५० बाइट. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेलाही वेगळे तीन-तीन लागतात. २५६ बाइटांच्या तुकड्यात मराठीची जेमतेम ८५ चिन्हं मावतात. तरीही मराठीत लिहावं. घाईत वाचणाऱ्याला ‘पूल वाहून गेला’ हे तीन शब्द पुरे असतात.

या तंत्राचं मूळही समुद्राशीच जोडलेलं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. १९७८ मध्ये कॅनडातल्या हौशी मंडळींनी ते उचललं आणि १९८४ मध्ये एएक्स.२५ ही नियमावली छापून आली. आजही हॅम तीच वापरतात.

सुरुवात करायची तर आधी दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली असली की परीक्षेला बसता येतं. मग दोन मीटर तरंगलांबीच्या हौशी बँडचा साधा एफएम सेट, एक संगणक (रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा चालतो), दोघांना जोडणारी केबल आणि डायरवुल्फसारखं मोफत सॉफ्टवेअर. पूर्वी मजकुराचे स्वर आणि स्वरांचा मजकूर करायला टीएनसी नावाची वेगळी पेटी लागायची, आता ते काम साउंडकार्ड करतं. आणि मजकूर कुलूपबंद करायचा नाही, हौशी बँडवर सगळं उघड असावं लागतं.

नवखे अडतात ते आवाजाच्या पातळीवर. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना सेटची खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर तुकड्याचं तोंडच कापलं जातं. डायरवुल्फ प्रत्येक तुकड्यासोबत आवाजाची पातळी छापतं. ती पन्नासच्या आसपास येईपर्यंत सेटचं बटण अगदी थोडं थोडं फिरवा. पाठवतानाही हाच संयम हवा. आवाज जास्त दिला की स्वरांची टोकं छाटली जातात आणि शेजारच्या गावातलाही संगणक ते ओळखत नाही. सेट आपोआप चालू-बंद करणाऱ्या व्हॉक्सवर विसंबू नका, तो उशिरा सोडतो आणि तेवढ्यात समोरची पोच निघून जाते.

कोकणात खरा प्रश्न डोंगरांचा. दोन मीटरच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणलं की तिचं रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. खाडीकाठच्या घरावर दहा मीटर उंचीची अँटेना १३ किलोमीटर बघते. तीच दीडशे मीटर उंच सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, ५० किलोमीटर. म्हणून चार गावांनी मिळून सड्यावर एक डिजिपीटर, म्हणजे आलेला तुकडा ऐकून पुन्हा सोडणारं स्टेशन, सौर पॅनेल आणि बॅटरीवर बसवावं. विजेचा लपंडाव सुरू झाला तरी ते चालू राहील. दोन गावांमध्ये डोंगर आडवा असला तरी दोघांनाही सडा दिसत असला की पुरतं.

आसपास कोणीच नसेल तर १४५.८२५ मेगाहर्ट्झ लावा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा डिजिपीटर चालू असेल तेव्हा साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून त्याचे तुकडे दहाएक मिनिटं ऐकू येतात, आणि पश्चिमेला आपलं क्षितिज समुद्रापर्यंत मोकळं असतं. उन्हाळ्यात समुद्रावर कोरड्या गरम हवेचा थर बसला की लहरी त्याखाली अडकून फार लांब जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर हजार मैलांहून दूर असलेला अरबस्तानचा किनारा उमटत असे. पावसाळा लागला की हे थांबतं.

पावसाआधी अँटेनाचे कनेक्टर मात्र उघडून बघा. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर केबलचा तेवढा भाग कापून नवा कनेक्टर लावा आणि वरून रबरी सेल्फ-बाँडिंग टेप ताणून गुंडाळा.