म्यानमारमधील नाताळ आणि शांततेचे मागणे : पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की म्यानमारमधील चर्चमध्ये देशाच्या शांततेसाठी प्रार्थना होतात. कारेन या वांशिक अल्पसंख्याक समाजात तर ‘स्वीट डिसेंबर’ म्हणून महिन्याच्या पहिल्याच दिवसाचे गाण्यांनी स्वागत होते आणि तेव्हापासून नाताळपर्यंत उत्साह टिकून असतो. शांततेची प्रार्थना जगभरच्या चर्चमध्ये होते. म्यानमारमध्ये मात्र ती करणारे बहुतेक जण पाऊणशे वर्षांच्या यादवीत होरपळलेल्या समाजांतले आहेत. त्यांचे हे मागणे धार्मिक असले तरी सत्ताधाऱ्यांच्या कानी ते राजकीय मागणीसारखेच पडते, आणि याचे कारण त्या देशाच्या इतिहासात आहे.

२०१४ च्या जनगणनेनुसार म्यानमारमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. हा आकडा लहान वाटतो, पण ही लोकसंख्या देशभर सारखी विखुरलेली नाही. चिन प्रांतात सुमारे ८५ टक्के, कायाह प्रांतात सुमारे ४६ टक्के आणि काचिन प्रांतात सुमारे ३४ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. कारेन समाजातही ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत. हे सारे सीमेवरचे डोंगराळ प्रदेश आहेत आणि सशस्त्र संघर्षाचा भूगोलही बराचसा हाच आहे.

अदोनीराम जडसन हा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८१३ मध्ये रंगूनला (आजचे यांगोन) आला. बौद्ध बर्मी लोकांमध्ये त्याच्या प्रचाराला फारसे यश आले नाही. १८२८ मध्ये को था ब्यू या कारेन माणसाने बाप्तिस्मा घेतल्यानंतर मात्र कारेन गावांत हा धर्म वेगाने पसरला. पुढे चिन आणि काचिन डोंगरांतही मिशनरी पोहोचले. त्यांनी शाळा काढल्या आणि बोलींना लिपी दिली. काचिन भाषेसाठी ओला हॅन्सन याने रोमन अक्षरे वापरली. लेखन, शिक्षण आणि धर्म एकाच दाराने आल्यामुळे या समाजांची वांशिक ओळख आणि चर्च एकमेकांत गुंतत गेली. ब्रिटिशांनी कारेन आणि काचिन तरुणांना सैन्यात घेतल्याने बहुसंख्य बर्मी समाजाच्या मनात त्यांच्याविषयी संशय रुजला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, म्याउंगम्या भागात कारेन लोकांच्या हत्या झाल्या तेव्हा तो संशय रक्तपातापर्यंत गेला.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. सीमाभागाच्या अंतर्गत कारभारात स्वायत्तता मिळेल, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. कारेन नेते त्या करारात नव्हते. पाचच महिन्यांत आंग सान यांची हत्या झाली आणि ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या आश्वासनामागे उभा राहील असा वजनदार नेता उरला नव्हता. माझ्या मते पुढच्या सगळ्या तंट्यांचे मूळ धर्मापेक्षा या अपुऱ्या राहिलेल्या करारातच अधिक आहे.

१९४८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मेरगुई जिल्ह्यातील पलाव येथे सरकारच्या बाजूच्या निमलष्करी दलाने सुमारे ८० कारेन ख्रिस्ती लोकांना ठार मारले. जानेवारी १९४९ च्या अखेरीस कारेन नॅशनल युनियन या कारेन संघटनेचा उठाव पेटला. त्याच सुमारास सरसेनापती स्मिथ डन यांना, ते स्वतः कारेन असल्यामुळे, पद सोडावे लागले. जगातील सर्वांत दीर्घ यादवींपैकी एक अशी सुरू झाली.

१९६१ मध्ये पंतप्रधान ऊ नू यांनी बौद्ध धर्माला राजधर्माचा दर्जा देणारा कायदा केला. काचिन तरुणांनी त्याच वर्षी सशस्त्र संघटना उभारली होती. या कायद्याने तिला मोठे बळ मिळाले. १९६२ मध्ये ने विन यांच्या लष्कराने सत्ता घेतली, मिशनच्या शाळा आणि रुग्णालये सरकारजमा झाली आणि १९६६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. त्यानंतर चर्च पूर्णपणे स्थानिक लोकांच्या हाती आले. दडपणाच्या काळात ते मोडून पडेल असे अनेकांना वाटले असेल, पण घडले उलटेच.

धर्माने या समाजांना केवळ जोडलेच असे नाही. बहुसंख्य कारेन बौद्ध होते, तर कारेन नॅशनल युनियनचे नेतृत्व प्रामुख्याने ख्रिस्तींकडे होते. १९९४ च्या अखेरीस नाराज बौद्ध कारेन सैनिक वेगळे झाले आणि महिन्याभरातच, जानेवारी १९९५ मध्ये, मानरप्लाव हे मुख्यालय लष्कराच्या हाती गेले. शांततेची मागणी करणाऱ्या चर्चने हा आपल्या घरातला दुरावा विसरून चालणार नाही.

युद्धबंद्या होत राहिल्या आणि मोडत राहिल्या. काचिन संघटनेने १९९४ मध्ये केलेली युद्धबंदी जून २०११ मध्ये संपली. २०१२ च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या दिवसांत, लायझा या काचिन मुख्यालयाच्या परिसरात हवाई हल्ले सुरू होते. २०१५ मध्ये देशव्यापी युद्धबंदी करारावर कारेन आणि चिन संघटनांनी सह्या केल्या, काचिन संघटनेने केली नाही. त्याच वर्षी यांगोनचे आर्चबिशप चार्ल्स बो हे म्यानमारचे पहिले कार्डिनल झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी या देशाला भेट दिली. आशेचे असे ते थोडके दिवस होते.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावाने ते संपले. फेब्रुवारीच्या अखेरीस काचिन प्रांतातील मिचिना येथे सिस्टर ॲन रोझ नू तवंग ही कॅथलिक जोगीण निदर्शकांना वाचवण्यासाठी सशस्त्र पोलिसांसमोर गुडघे टेकून बसली. मे महिन्यात कायाह प्रांतातील लोइकाव जवळच्या चर्चमध्ये आसरा घेतलेले चार जण तोफमाऱ्यात मेले. २३ डिसेंबर २०२१ रोजी लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग कार्डिनल बो यांच्या निवासस्थानी आले आणि दोघांनी नाताळचा केक कापला. दुसऱ्याच दिवशी कायाह प्रांतातील फ्रूसो तालुक्यात किमान ३५ लोकांना मारून त्यांचे मृतदेह वाहनांसह जाळण्यात आले. कार्डिनल बो यांनी या हत्याकांडाचा तीव्र निषेध केला, परंतु केकच्या छायाचित्राने झालेली जखम त्याने पुरती भरली नाही. संवादाची वाट बंद होऊ नये ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. तरीही त्या भेटीचा लाभ लष्करालाच झाला, असे म्हणावे लागते.

छळ त्यानंतरही थांबला नाही. काचिन बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे माजी अध्यक्ष रेव्हरंड हकलाम सॅमसन यांना डिसेंबर २०२२ मध्ये अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. जुलै २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये लोइकाव येथील कॅथेड्रल लष्कराने ताब्यात घेतले, त्यामुळे तेथील बिशपच विस्थापित झाले. चिन प्रांतातील मिंडाट येथील चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळून काहीच दिवस झाले होते, तोच फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाई हल्ल्यात त्याची हानी झाली.

या युद्धाची झळ भारतालाही लागली आहे. मिझोराममध्ये हजारो चिन निर्वासित राहतात. वंश आणि धर्म दोन्ही नात्यांनी जवळच्या मिझो समाजाने, चर्च आणि यंग मिझो असोसिएशनने त्यांना सांभाळले. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरून येणाऱ्यांना रोखण्यास सांगितले तेव्हा मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी त्याविरुद्ध पंतप्रधानांना पत्र लिहिले. १९६६ पासून वीस वर्षे बंडाचा काळ सोसून ३० जून १९८६ च्या करारानंतर शांतता मिळवलेला हा प्रदेश आहे, आणि त्या वाटाघाटींसाठी प्रयत्न करणाऱ्यांत तेथील चर्चही होते. तो करार टिकला, कारण त्यातून मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला आणि बंडखोर नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. पांगलाँगमध्ये शब्द मिळालेल्या सीमेपलीकडच्या समाजांची मागणीही मुळात अशाच स्वरूपाची आहे : आपल्या प्रदेशाचा कारभार आपल्याकडे असावा आणि तो संघराज्याच्या घटनेत लिहिलेला असावा.