हर्वी, फ्रेडरिक ऑगस्टस

(१ ऑगस्ट १७३०–८ जुलै १८०३). आयर्लंडमधील डेरीचा अँग्लिकन (राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चचा) बिशप व ब्रिस्टलचा चौथा अर्ल (उमरावाचा एक किताब). इंग्लंडमधील सफक परगण्याच्या हर्वी या उमराव घराण्यातील हा तिसरा मुलगा. इस्टेट व किताब थोरल्याकडे जात असल्यामुळे अशा घरांतील धाकटी मुले बहुधा सैन्यात, वकिलीत किंवा चर्चमध्ये जात. केंब्रिजमधील शिक्षणानंतर फ्रेडरिकने धर्मदीक्षा घेतली. पुढची चढती मात्र घराण्याच्या वजनाने झाली. थोरला भाऊ जॉर्ज आयर्लंडचा व्हाइसरॉय नेमला गेला आणि १७६७ मध्ये फ्रेडरिकला क्लॉइनचे, तर १७६८ मध्ये डेरीचे बिशपपद मिळाले. डेरीचा धर्मप्रांत सधन होता. दोन्ही भावांमागे औरस वारस न उरल्याने १७७९ मध्ये अर्लपदही त्याच्याकडे आले.

वशिल्याने मिळालेल्या या पदावर त्याने केलेले काम त्याच्या बरोबरीच्या फार थोड्या बिशपांनी केले. आयर्लंडमध्ये कॅथलिक बहुसंख्य होते, अल्स्टर या उत्तरेकडील प्रांतात प्रेस्बिटेरियनही (अँग्लिकन चर्चबाहेरचा एक प्रॉटेस्टंट पंथ) मोठ्या संख्येने होते. तरीही राजमान्य अँग्लिकन चर्चला दशमांश कर (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) त्यांनाही द्यावा लागे आणि कॅथलिकांवर कडक कायदेशीर निर्बंध होते. हे निर्बंध उठवावेत, असे हर्वी उघडपणे म्हणे. डेरीतील कॅथलिक चर्चच्या बांधकामाला त्याने देणगी दिली. डाउनहिल येथे समुद्रकड्याच्या अगदी टोकाशी त्याने १७८५ च्या सुमारास आपल्या ग्रंथालयासाठी मसेंडेन टेंपल ही घुमटाची गोल वास्तू उभारली; तिच्या तळघरात कॅथलिकांना मिस्सा (त्यांची मुख्य सामूहिक उपासना) करण्याची मुभा होती. १७८३ मध्ये आयरिश स्वयंसेवकांच्या (नागरिकांनी उभारलेल्या सशस्त्र दलांच्या) डब्लिन अधिवेशनातही त्याने कॅथलिकांना मताधिकार मिळावा, अशी बाजू मांडली.

त्याचा मोठा दोष म्हणजे गैरहजेरी. १७९१ नंतर तो आयर्लंडला परतलाच नाही. धर्मप्रांताचे उत्पन्न घेत इटलीत कलावस्तू जमवत राहिला. हा संग्रह ठेवण्यासाठी सफकमध्ये इकवर्थ येथे त्याने १७९५ मध्ये प्रचंड गोल वाडा बांधायला घेतला, परंतु १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने इटलीतच हा संग्रह जप्त केला आणि त्याला मिलानमध्ये सुमारे नऊ महिने कैदेत ठेवले.

इटलीत आल्बानोजवळ प्रवासात असताना त्याचा मृत्यू झाला. इकवर्थच्या उद्यानात डेरीच्या लोकांनी त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. वर्गणीदारांत डेरीतील कॅथलिक बिशप आणि प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकही होते.