पार्श्वभूमी : पद्मिनीच्या इंजिनातून गायब झालेला थर्मोस्टॅट

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता जुन्या पद्मिनी हौसेने उभ्या करणाऱ्यांना बॉनेटखाली मूळ कारखान्याचं काम क्वचितच दिसतं. दिसतात त्या कित्येक वर्षांच्या, एकीवर एक चढलेल्या दुरुस्त्या.

गाडीचा मूळ आराखडा इटलीचा. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट बनू लागली, सत्तरच्या दशकात ती आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मात्र शेवटपर्यंत तेच. इंजिनाचा खालचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून गाडी एकदा सणकून उकळली की हेडला बाक येतो आणि दोघांमधलं गॅस्केट जातं. त्यात दोन वेगळ्या धातूंमधून वर्षानुवर्षं साधं पाणी फिरलं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असाच सगळ्यांचा हिशेब होता. कूलंट गंजही रोखतं, हे त्या हिशेबात धरलंच गेलं नाही. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार आणि ब्लॉकचा गंज मिळून रेडिएटरच्या नळ्यांत गाळ धरत गेला.

याच काळात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकायची पद्धत पडली, आणि तिच्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. काढणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. सुट्या भागांची टंचाई होती, आणि मेण भरलेला थर्मोस्टॅट बिघडला की बहुधा बंदच अडकतो. खंडाळ्याच्या घाटात तो अडकला तर इंजिनाचं काही खरं नाही. त्याआधीचे भात्यासारखे थर्मोस्टॅट फुटले तर सहसा उघडे राहत, त्यामुळे त्यांचा एवढा धसका नव्हता. पण ‘वॉल (व्हॉल्व्ह, म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढला की गाडी थंड राहते’ हा त्यातून रूढ झालेला समज चुकीचाच आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो आणि पूर्ण उघडला की त्याचं काम संपतं. तिथून पुढे गाडी किती तापेल, हे रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंपच ठरवतात. थर्मोस्टॅट काढला की तापमानाचा काटा एरवी खाली राहतो, मालक खूश होतो आणि चोंदलेला रेडिएटर उन्हाळा येईपर्यंत लक्षातच येत नाही. दिवसभर रहदारीत फिरणाऱ्या टॅक्सीचं त्याने फारसं बिघडलं नाही. पुण्यात थंडीच्या सकाळी चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या घरच्या गाडीचं मात्र बिघडलं. इंजिन गरम व्हायच्या आत बंद, चोक ओढलेला, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतंय, आणि सिलिंडरचा बोअर झिजतोय. अशा गाड्यांची इंजिनं अकाली उघडावी लागली, याचं खापर मात्र गाडीवर फुटलं.

टॅक्सीतून खासगीत आलेल्या गाडीत आणखी एक थर सापडतो, सीएनजी किटचा. सीएनजीचा दाब उतरवताना रिड्यूसर गारठतो, म्हणून त्याच्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवतात. त्यासाठी होस पाइप कापून टी-जोड बसवलेले असतात. किट काढलं तरी हे जोड तसेच राहतात, आणि गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

अलीकडे पितळी रेडिएटर फेकून ॲल्युमिनियमचा बसवायचा आणि सोबत इलेक्ट्रिक पंखा लावायचा, असा कल आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंदते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. रेडिएटरचा त्यात वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे बदल करणारे निर्धास्त असतात. पण पितळी रेडिएटरच्या टाक्यांचा डाग (सोल्डरचा जोड) सोडवून नळ्यांत सळी घालता येते, कोर, म्हणजे आतला नळ्यांचा भाग, नवा भरता येतो. हे काम जाणणारे कारागीर अजून आहेत. आधी ब्लॉकमधला गाळ काढावा, रेडिएटर साफ करून घ्यावा, नवा थर्मोस्टॅट गरम पाण्यात उघडतो का ते पाहून बसवावा आणि कूलंट भरावं. एवढं करूनही गाडी तापली, तरच पंख्याचा विचार करावा.