याद्या जाळा, सोडत थांबेल: इंग्लंडमधील १७५७च्या दंगलींची पार्श्वभूमी

प्लासीची लढाई झाली त्याच जून महिन्यात, १७५७ साली, ब्रिटिश संसदेने मिलिशियाचा, म्हणजे गावकऱ्यांतून उभारायच्या राखीव फौजेचा, कायदा केला. फ्रान्सशी युद्ध चालू होते, भूमध्य समुद्रातले मिनोर्का बेट आदल्या वर्षीच हातचे गेले होते आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी जर्मन पलटणी आणाव्या लागल्याची लाज ताजी होती. त्यावर उपाय म्हणून सुमारे ३२,००० जणांची देशी फौज उभारायची ठरली. ती गावोगावच्या माणसांतून, चिठ्ठ्या टाकून निवडायची होती.

गावच्या कॉन्स्टेबलने १८ ते ५० वयाच्या पुरुषांची यादी करायची आणि ती तालुक्याच्या बैठकीत डेप्युटी लेफ्टनंटांपुढे ठेवायची. हे डेप्युटी म्हणजे त्याच भागातले बडे जमीनदार. त्यांनी चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचे नाव निघेल त्याने तीन वर्षे सेवा करायची, नाहीतर बदली माणूस द्यायचा किंवा १० पौंड दंड भरायचा.

सगळी गोम या १० पौंडांत आहे. शेतमजुराला दिवसाला एक शिलिंगच्या आसपास मजुरी मिळे आणि पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे दंड झाला दोनशे दिवसांच्या मजुरीइतका. शेकडो एकरांच्या मालकालाही दंड तेवढाच. त्यात आधीच्या हंगामात धान्य महागलेले. सैनिकांच्या पगाराची तरतूद या कायद्यात नव्हतीच. ती नंतरच्या वेगळ्या कायद्याने व्हायची होती. त्यामुळे फुकट राबवणार, अशी समजूत पसरली. देशाबाहेर नेणार नाही हे आश्वासनही कोणाला पटेना. श्रीमंतांच्या मालमत्तेसाठी गरिबांनी का लढावे, हा सवाल तेव्हा उघडपणे विचारला गेला, आणि तो अगदी रास्त होता.

ऑगस्टअखेरीस बेडफर्डशायर, लिंकनशायर, यॉर्कशायर असे परगणे पेटले. लोकांनी नेम अचूक साधला. यादी नसेल तर सोडत निघत नाही, म्हणून ते थेट बैठकीवर जात, कॉन्स्टेबलकडून कागद हिसकावून नष्ट करत. १५ सप्टेंबरला यॉर्कच्या वेशीबाहेर, याद्या जमा होत असलेले घरच जमावाने पाडून टाकले.

याचा खरा चटका बसला तो जमीनदारांना. कायदा लंडनचा, पण तो अमलात आणणारा चेहरा त्यांचा. जमाव येई तो त्यांच्याच वाड्यावर. याद्या द्या, सोडत काढणार नाही असे वचन द्या, वर पैसे आणि बिअरही द्या, अशा मागण्या होत. पहारा ठेवायला दोन-चार नोकर, त्यांचीही नावे यादीत! बेडफर्डच्या ड्यूकसारख्या बड्या धेंडालाही सरकारकडे घोडदळ मागावे लागले. लहान जमीनदार त्यातून धडा शिकले: त्यांनी बैठकाच भरवल्या नाहीत. अधिकारीपदे तर रिकामीच राहू लागली. कॅप्टन व्हायला वर्षाला २०० पौंड आणि कर्नलला ४०० पौंड उत्पन्नाची जमीन असावी लागे. ज्यांच्याकडे ती होती, त्यांच्यातल्या पुष्कळांना हे पद नको होते.

१७५८च्या दुरुस्तीने पगाराची शंका फिटली आणि सोडतीऐवजी गावाने स्वयंसेवक दिले तरी चालू लागले. १७५९मध्ये फ्रेंच स्वारीची भीती वाढल्यावर जमीनदारही पुढे आले; नॉरफक परगण्याची मिलिशिया पलटण त्याच उन्हाळ्यात राजासमोर संचलन करून गेली.

पण तीन वर्षांची मुदत सरली की पुन्हा सोडत आलीच. नॉर्थम्बरलंडमध्ये ९ मार्च १७६१ रोजी हेक्सहॅमच्या बाजारचौकात जमाव जमला. झटापटीत एक अधिकारी आणि एक शिपाई मारला गेला, तेव्हा बंदोबस्ताला आणलेल्या यॉर्कशायरच्या मिलिशियाने गोळीबार केला. ४०हून अधिक माणसे गेली. गोळ्या झाडणारे शिपाईही तसल्याच याद्यांतून आलेले. नॉर्थम्बरलंडचे लोक त्या पलटणीला पुढे ‘हेक्सहॅमचे खाटीक’ म्हणू लागले.